जुनेराचा आहेर

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांचे स्मरण, वास्तूची वाढ, निकालांची परंपरा आणि गुरुजनांचे ऋण यांविषयी अधिकारी व्यक्ती लिहितीलच. प्रस्तुत लेखात वेळापत्रकातील एका दुर्लक्षित तासाच्या निमित्ताने एक लहानसा इतिहास मांडावयाचा आहे. हा तास कधी शिवणाचा म्हणून ओळखला गेला, कधी कार्यानुभवाचा. जुन्या साडीचा बटवा, बाबांच्या विटलेल्या सदऱ्याची पेन ठेवण्याची पिशवी, चिंध्यांची बाहुली, काठाच्या पट्टीचे तोरण अशा वस्तू या तासाला तयार होत, आणि वर्षाअखेरीच्या प्रदर्शनात त्या ज्या टेबलावर मांडल्या जात त्यावर बहुधा एकच पाटी असे : ‘टाकाऊतून टिकाऊ’. मराठी शाळेत शिकलेल्या क्वचितच कोणाला हे दोन शब्द अपरिचित असतील.

या पाटीकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. जुने कापड ‘टाकाऊ’ केव्हा ठरले? आपल्या आज्या-पणज्यांनी जुन्या लुगड्यांतून जे जे शिवले, ते त्यांनी टाकाऊतून शिवले असे कोणी म्हटले असते तर त्यांना नवल वाटले असते. त्यांच्या घरात कापड जुने होई, विरे, फाटे. पण ते टाकले जात नसे. कापड टाकाऊ होणे ही फार तर गेल्या पन्नास-साठ वर्षांतील घटना आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या शाळेच्या वयाची. ती कशी घडली, आणि तिच्यासोबत आपल्या हातून काय निसटले, याचा हा शोध आहे.

कापडाची वये

जी वस्तू समाजाला मोलाची वाटते तिच्या प्रत्येक अवस्थेला भाषा वेगळे नाव देते. मराठीने कापडाला अशी नावे दिली आहेत. कोरे, मग धुवट, मग जुनेर. लुगडे मध्यभागी विरले की तो भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांना जोडावयाचे. याला दंड घालणे म्हणत. जिथे जोडणे शक्य नसेल तिथे ठिगळ. नेसण्याजोगे उरले नाही की त्याचे फडके होई, फडक्याची चिंधी होई, आणि चिंधीही संपली नसे. शेणाने जमीन सारवण्याचे पोतेरे होणे हा एक शेवट, तर पीळ देऊन, तेलातुपात भिजवून काकडआरतीचा काकडा होणे हा दुसरा. एकाच लुगड्याचा एक तुकडा जमिनीला लागे आणि दुसरा देवापुढे जळे.

या क्रमात सर्वांत सन्मानाची वाट होती ती गोधडीची, म्हणजेच वाकळेची. जनाबाईच्या कथेत काकडआरतीच्या घाईत पांडुरंग स्वतःचा शेला विसरून जनीची वाकळ पांघरून देवळात उभा राहतो. वारकरी परंपरेने ही कथा शतकानुशतके सांगितली, ऐकली. जुन्या कापडाचे पांघरूण देवाच्या अंगावर शोभते, हे सांगणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला कधी खटकले नाही. अलीकडच्या काळात गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोकांनी ‘गोधडे महाराज’ म्हटले ते त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रावरून, आणि ते नाव आदराचे झाले.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. दंडाचे लुगडे नेसून चारचौघींत जावे लागणे ही लाजेची गोष्ट होती. त्याहून कठोर गोष्ट अशी की, जुने कपडे देण्याची एक रीत माणसाला खाली ढकलणारी होती. गावगाड्यात वरच्या मानलेल्या जातींची उतरलेली वस्त्रे अस्पृश्य मानलेल्यांनी घ्यावीत, प्रेतावरचे कापडही घ्यावे, हा त्यांच्या वाट्याला लादलेला ‘हक्क’ होता. आंबेडकरी चळवळीने तो नाकारला. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले तेव्हा लुगडे नेसण्याच्या पद्धतीसारख्या, वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर त्यांनी भर दिला. जातीची खूण सांगणारे नेसणे सोडा, हा त्यांचा उपदेश होता. वस्त्राचा आणि माणसाच्या मानाचा संबंध त्यांनी अचूक ओळखला होता.

म्हणूनच जुने कापड देणे आणि जुन्या कापडातून काही शिवून देणे यांत आपल्या समाजाने मोठा भेद केला. उतरलेले वस्त्र जसेच्या तसे हाती ठेवले तर देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. त्याच वस्त्रातून घेणाऱ्याच्या मापाची, त्याच्या उपयोगाची वस्तू शिवली की तिच्यात देणाऱ्याचे श्रम येतात, वेळ येतो आणि घेणाऱ्याचा विचार येतो. तेव्हा तिला आहेर म्हणता येते. पुढील विवेचनाचा सारा भार या भेदावर आहे.

बाळंतविडा

जुनेराच्या आहेराचे सर्वांत जुने आणि सर्वांत परिपूर्ण मराठी उदाहरण म्हणजे बाळंतविडा. लेक बाळंत झाली की माहेरून बाळासाठी जे गाठोडे सिद्ध होई त्यात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, पाळण्यातील गादी, मोहरी भरलेली मऊ उशी आणि कुंची असे. यांतील कुंचीसारखी मिरवण्याची वस्तू नव्या खणाची किंवा रेशमाची असली तरी अंगाला लागणारे बहुतेक सारे काही जुन्या सुती लुगड्यांतून आणि धोतरांतून निघे. नवजात बालकाला पहिल्याने जुन्या कापडाचे झबले घालावे, हा संकेत आपल्याकडे घरोघरी पाळला गेला. दृष्ट लागू नये, थोरामोठ्यांचे आयुष्य बाळाला लाभावे, अशी त्यामागची श्रद्धा. श्रद्धेच्या आत एक व्यवहारज्ञानही होते.

नव्या सुती कापडाला खळ असते, त्याचे सूत कडक पिळाचे असते. वर्षानुवर्षे नेसून, धुऊन, उन्हात वाळवून खळ पूर्ण निघून जाते, सुताचा ताठा जातो आणि कापड लोण्यासारखे होते. शिवाय अनेकदा धुतलेल्या कापडाचा कच्चा रंग केव्हाच उतरलेला असतो, तो बाळाच्या ओल्या त्वचेला लागण्याची भीती नसते. थोडक्यात, नेसणारीने दहा-पंधरा वर्षे वापरून ते कापड बाळासाठी तयार केलेले असे. ही मऊपणाची किंमत बाजारात पैसे टाकून मिळत नसे, त्यासाठी कोणीतरी ते वस्त्र जगलेले असावे लागे.

नऊ वारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. निऱ्यांच्या आणि बसण्याच्या जागी ते आधी विरते. पदर, काठ आणि आतला गुंडाळलेला भाग दीर्घकाळ शाबूत राहतो. जाणती बाई प्रथम लुगडे उजेडासमोर धरून कोठे विरले आहे ते पाही आणि मगच कात्री हाती घेई. मधल्या मऊ भागाचे झबले व लंगोट, दोन पदर एकावर एक ठेवून धावदोरा घातलेले दुपटे, काठाच्या पट्टीचा बंद किंवा कड, उरलेल्या बारीक तुकड्यांची बाहुली. झबल्याला गुंड्यांऐवजी नाड्या लावत, कारण पालथ्या पडणाऱ्या बाळाला गुंडी रुतते. कापडाची रचना, शरीराची वाढ, धुण्याची सोय यांचा हा सारा विचार अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना हातानेच शिकवला.

बाळंतविड्यातील दुपट्यात आजीचे लुगडे, आत्याचे पातळ, आजोबांचे धोतर एकत्र आलेले असे. जन्मलेल्या बाळाला घराने आपल्यात घेतले, याची ती शिवलेली कबुली होती. पुढे हेच मूल मोठे होऊन त्या दुपट्याकडे बोट दाखवी आणि हा तुकडा कोणाचा, असे विचारी. अनेक घरांत वंशावळीचा पहिला धडा या प्रश्नातून मिळाला.

बसवनगुडीहून पाहताना

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक जण नोकरी-व्यवसायानिमित्त बंगळूरला स्थिरावले. प्रस्तुत लेखिकाही बसवनगुडीत राहते. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठेची दाटी कमी करण्यासाठी मल्लेश्वरम्‌बरोबर जी नवी वसाहत भराभर वाढली ती ही बसवनगुडी. मराठी माणसाला हा परिसर अगदीच परका नाही. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आणि येथून जवळच डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते गोपाळ कृष्ण गोखले यांचे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक जवळचे नाते कापडाचे आहे, आणि ते येथे राहिल्यावरच नीट उमगते.

ज्या इरकली लुगड्यांतून मराठी घरांतील असंख्य दुपटी शिवली गेली, ती इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावाची वीण. परंपरागत इरकलीत अंग सुताचे आणि पदर रेशमाचा. अंगाच्या व पदराच्या उभ्या धाग्यांची टोके फासे घालून एकमेकांत अडकवण्याची तेथील विणकरांची युक्ती प्रसिद्ध आहे. ज्या खणाची चोळी शिवली जाई, जो नारळासह ओटीत घातला जाई आणि ज्याच्या शिल्लक तुकड्यांतून बटवे, कुंच्या व आरतीच्या तबकावरचे रुमाल झाले, तो खणही त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा. मराठी आहेर कानडी मागावर विणला गेला होता. आणि ते कापड शिवणाऱ्यांचे पाहावे तर उलट वाटेने आलेली माणसे भेटतात. भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी हे समाज अनेक पिढ्यांपासून कर्नाटकात वसले आहेत. रंगारीकाम व शिंपीकाम हे त्यांचे परंपरागत व्यवसाय, घरात मराठीची एक बोली आणि ओढ पंढरीच्या विठ्ठलाची. संत नामदेव स्वतः शिंपी होते, हे आपल्याला ठाऊकच आहे.

जुनेर शिवण्याची रीतही सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच आहे. आपली गोधडी ती कर्नाटकातील कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाज या बाबतीत विशेष उल्लेखनीय आहे. आफ्रिकेतून गुलाम वा सैनिक म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांतील अनेकांचे पूर्वज गोव्यातून निसटून या अरण्यात आले. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून आरंभ करून आत आत टाके घालीत मध्यापर्यंत यावयाचे आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ बसवावयाची. फुले नसतील तर कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. या कवंद्या मुख्यतः मुलानातवंडांसाठी शिवल्या जातात. ज्यांना मायदेशाची, नावांची आणि भाषेचीही परंपरा राखू दिली गेली नाही, त्यांनी अंगावरच्या जुन्या कपड्यांतून पुढील पिढीसाठी परंपरा निर्माण केली. त्यांच्या कोपऱ्यावरील अलंकाराला ‘फूल’ हाच शब्द आहे, हे वाचून मराठी वाचकाला आपुलकी वाटावी.

बसवनगुडीच्या घरांतून नवरात्रात बाहुल्यांची मांडणी होते, तिला गोंबे हब्ब म्हणतात. पायऱ्या-पायऱ्यांच्या त्या आराशीत मानाचे स्थान ‘पट्टद गोंबे’ या लाकडी राजा-राणीच्या जोडीला असते. लेकीला लग्नात माहेराहून ही जोडी देण्याची रीत आहे, आणि दरवर्षी तिला रेशमाच्या व जरीच्या तुकड्यांनी सजवावयाचे असते. आपल्याकडील बाहुला-बाहुलीच्या लग्नातील शालू आणि येथील राणीची साडी एकाच प्रकारच्या तुकड्यांतून निघतात. मुलींच्या हातांना सुईची पहिली ओळख दोन्हीकडे याच खेळातून होत आली.

सुई शाळेत येते

ही विद्या घरात होती तोवर तिला कोणी विषय म्हटले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलींच्या शाळा निघाल्या आणि शिवण वेळापत्रकात आले. मुलींनी भूगोल, गणित, इंग्रजी शिकावे की नाही यावर वृत्तपत्रांतून रणे माजत असताना शिवण हा असा विषय होता की ज्यावर स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांनाही फारसा आक्षेप घेता येत नसे. त्यामुळे सुईच्या आडोशाने पुष्कळ मुली शाळेत आल्या आणि बरोबर अक्षरेही घेऊन गेल्या.

पण शिवणाचा याहून गंभीर उपयोग विधवांच्या शिक्षणात झाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावी मुक्ती सदन उभारले. तेथे अक्षरविद्येबरोबर हातांना काम देणारे उद्योग शिकवले गेले, त्यांत शिवण होते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. शिवणाचे वर्ग हे त्याचे एक ठळक अंग होते. बसवनगुडीतही १९१३ मध्ये महिला सेवा समाज स्थापन झाला. स्त्रियांनी एकत्र जमावे, शिकावे, आपल्या पायांवर उभे राहावे या ध्यासाने देशभर निघालेल्या संस्थांच्या मालिकेतील तो एक मणी होय. घरात दुपटे शिवणाऱ्या हाताला या संस्थांनी प्रथमच मोबदला, प्रमाणपत्र आणि स्वतःच्या कमाईचा अभिमान दिला. याच सुमारास सिंगरची आणि पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची ‘उषा’ ही यंत्रे मध्यमवर्गीय घरांत शिरली, आणि अनेक घरांचा संसार त्या यंत्राच्या पायट्यावर चालला.

शाळेतील शिवणाला दुसरे वळण १९३७ मध्ये मिळाले. वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या विचाराचा गाभा असा होता की, हाताचे काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावे आणि इतर विषय त्याभोवती गुंफले जावेत. टकळी आणि सूत सर्वांच्या हाती, मुलांच्याही हाती, देण्याचा तो प्रयत्न होता. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा पुरस्कार केला, आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य ही कल्पना पुढे आणली. आपल्या शाळेच्या साठ वर्षांत जे जे विद्यार्थी या तासाला बसले ते सारे या दीर्घ विचारपरंपरेचे लाभार्थी आहेत. मुलांनीही सुईत दोरा ओवावा, गुंडी लावावी, पिशवी शिवावी, हे आज सहज वाटते. ते सहज होण्यास अर्धशतक लागले.

कापड टाकाऊ होते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई इतकी तीव्र झाली की १९४३ मध्ये सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. त्या पिढीने झिजलेली कॉलर उलटवून सदरे पुन्हा वापरले, धोतरांचे पंचे केले, पंच्यांचे रुमाल केले. तिच्या दृष्टीने कापडाचा एकही तुकडा टाकाऊ नव्हता. त्यानंतर अवघ्या चाळीस वर्षांत परिस्थिती पालटली.

पालट कापडाच्या धाग्यापासूनच सुरू झाला. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या प्रथम चैनीच्या म्हणून आल्या. न चुरगळणाऱ्या, लवकर वाळणाऱ्या, रंग न सोडणाऱ्या म्हणून त्या लोकप्रिय झाल्या. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची धुण्या-इस्त्रीची दगदग त्यांनी वाचवली, हा त्यांचा उपकार मान्य केला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्या संपानंतर मुंबईची सुती गिरणी पूर्वीसारखी कधी उभी राहिली नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांकडे उत्पादन वळले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कोणत्याही धाग्याचा वापर करण्यास गिरण्यांना मोकळीक दिली आणि कृत्रिम धाग्याची वाट रुंद झाली.

याचा आपल्या बाळंतविड्याशी संबंध साधा आहे. सर्वसाधारण हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. सुती लुगडे जुने होताना मऊ होते, घाम व पाणी टिपते. पॉलिएस्टरची साडी दहा वर्षांनीही पहिल्या दिवसासारखीच राहते, किंवा तिच्यावर गोळे येतात. परंतु ती बाळाच्या अंगाला लावण्याजोगी होत नाही. ज्या वस्त्राला मुरणे ठाऊक नाही त्याचे जुनेर होत नाही. घरातील कपाट भरले, पण दुपटे शिवावे असे त्यात काही उरेना.

मग या साड्या बोहारणीकडे जाऊ लागल्या. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार हिंडणाऱ्या या कष्टाळू स्त्रिया, त्यांतील बऱ्याच गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या, जुने कपडे घेऊन स्टीलचे पातेले वा डबा देत. ते कपडे दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात विकले जात, म्हणजे कापड तिथेही टाकले जात नव्हते. मात्र घराच्या दृष्टीने एक बदल झाला. वस्त्र आता नात्याच्या वाटेने पुढे न जाता विनिमयाच्या वाटेने बाहेर जाऊ लागले. त्यापाठोपाठ तयार कपडे स्वस्त झाले, बाळंतविडा दुकानात प्लास्टिकच्या खोक्यात मिळू लागला, बोहारणीच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि जुन्या कपड्यांची गाठोडी गच्चीवर वा कचऱ्याच्या गाडीपाशी दिसू लागली. आपल्या प्रदर्शनाच्या टेबलावर ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही पाटी दिसू लागली ती या काळात.

पाटीमागील हेतू उत्तम होता आणि आजही आहे. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट नकळत घडली. आजी दुपटे शिवी तेव्हा ते कोणासाठी, हे पहिल्या टाक्याआधी ठरलेले असे. कार्यानुभवाच्या वस्तूला बहुधा असा धनी नव्हता. ती गुणांसाठी शिवली जाई, टेबलावर मांडली जाई आणि पुढे कोठेतरी धूळ खात पडे. टिकाऊ झालेली वस्तू पुन्हा टाकाऊ होई. कापड वाचवण्याची युक्ती आपण मुलांना शिकवली. ते कोणाच्या अंगावरून आले आणि कोणाच्या हाती जाणार, हे शिकवण्याचे राहून गेले.

पुन्हा आहेर

अलीकडे वारे काहीसे फिरले आहे. कर्नाटकाने २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, आणि जुन्या साडीची पिशवी पुन्हा बाजारहाटाला निघाली. बसवनगुडीत कार्तिकाच्या अखेरच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या मंदिरापाशी ‘कडलेकाई परिषे’ ही भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. नव्या पिकाच्या शेंगांचे ढीग बुल टेंपल रस्त्याच्या कडेने लागतात. त्या जत्रेतही आता कापडी पिशवी घेऊन या, असा आग्रह धरला जातो. शहरांतील दुकानांतून खणाचे बटवे, इरकलीच्या काठाच्या वह्या, गोधडीच्या टाक्यांच्या पिशव्या विकत मिळतात, आणि त्या शिवणाऱ्या अनेक स्त्रियांचे घर त्यावर चालते, ही समाधानाची बाब आहे. तरीही दुकानातील खणाचा बटवा आणि आईच्या खणाचा बटवा यांत जे अंतर आहे ते केवळ घरी शिवल्यानेच भरून निघते. त्यासाठी फार कौशल्य लागत नाही. धावदोरा, दुमड आणि उलटी शिवण, एवढे तीन टाके येणाऱ्या कोणालाही पिशवी, बटवा, पुस्तकाचे वेष्टन किंवा बाळाचे दुपटे शिवता येते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शाळेचा जुना गणवेश जपून ठेवलेला असेल, स्वतःचा किंवा मुलांचा. तो शाळेकडे पाठवावा. गणवेशाचे कापड बहुधा टेरिकॉटचे. ते झबल्याला उपयोगाचे नाही, पण पिशवीसाठी चांगले दणकट असते. आठवी-नववीच्या मुलामुलींनी कार्यानुभवाच्या तासाला त्यातून पेन-पेन्सिलीच्या लहान पिशव्या शिवाव्यात, आणि जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या हाती पहिल्या दिवशी एकेक द्यावी. पिशवीच्या आत कापडाच्या पट्टीवर मूळ गणवेशवाल्याचे नाव, त्याचे वर्ष आणि शिवणाऱ्याचे नाव दोऱ्याने किंवा शाईने लिहावे. शाळा सोडून चाळीस वर्षे झालेला माणूस, तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचे मूल अशी तिघांची गाठ त्या वीतभर पिशवीत पडेल. पालकांनीही आपल्या घरचा एखादा सुती कपडा या कामासाठी बाजूला ठेवावा. अस्तराला तो लागेलच.

पिशवी हाती आल्यावर ते मूल आत वाकून नाव वाचील, किंवा वाचता येत नसेल तर कोणाला तरी वाचावयास सांगेल, आणि हा कोण, असे विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर देताना बाईंना शाळेचा इतिहास सांगावा लागेल. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेला आपला इतिहास पहिलीच्या वर्गात सांगण्याची याहून सोपी आणि कमी खर्चाची रीत सापडणे कठीण आहे. सुया, दोरे आणि कात्र्या यांची व्यवस्था माजी विद्यार्थी संघाने केली, तर येत्या जूनपासून आरंभ करता येईल.